यील्ड नेमकं कुठं धरायचं? सॅम्पल कापण्यापासून डिझाइन तपासण्यापर्यंत

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) टेन्साइल टेस्टच्या, म्हणजे धातूचा तुकडा तुटेपर्यंत ओढून बघायच्या, मशीनजवळ उभं राहण्यात माझी बरीच वर्षं गेली. आसपासच्या फॅब्रिकेशनवाल्यांची मुलं हातात पट्टी नाहीतर सळईचा तुकडा घेऊन येतात. त्यांत दांडिया बाजारातली आपली मराठी मुलंही असतात. बहुतेकांना एकच हवं असतं: रिपोर्टवरचा यील्डचा आकडा, म्हणजे किती स्ट्रेसला धातू कायमचा ताणू लागतो तो आकडा. तो आकडा चुकतो, तेव्हा मशीन क्वचितच दोषी असतं. सॅम्पल चुकीचं कापलेलं असतं, माप चुकीचं घेतलेलं असतं किंवा आलेखावर रेघ भलतीकडेच मारलेली असते. आकडा बरोबर आला तरी पुढे डिझाइनमध्ये तो चुकीच्या स्ट्रेसशी ताडला जातो. म्हणून क्रमानं लिहितो. क्रम मोडू नका, कारण मागची चूक पुढच्या टप्प्यात दुरुस्त होत नाही.

स्ट्रेस म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, स्ट्रेन म्हणजे वाढ भागिले मूळ लांबी. पुस्तकात त्यांना प्रतिबल आणि विकृती म्हणतात. शॉपमध्ये तसं कुणी म्हणत नाही, म्हणून मीही म्हणणार नाही. १ मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १ न्यूटन, एवढं डोक्यात असलं की सगळी आकडेमोड सोपी जाते.

आधी चार शब्द वेगळे करा

आलेख जिथपर्यंत सरळ रेघेत चढतो ती प्रमाण-मर्यादा, म्हणजे प्रपोर्शनल लिमिट. भार काढल्यावर तुकडा जिथपर्यंत पूर्ण मूळ लांबीवर येतो ती स्थितिस्थापक मर्यादा, म्हणजे इलॅस्टिक लिमिट. भार न वाढता लांबी वाढू लागते तो यील्ड पॉइंट. असा ठळक बिंदू नसेल, तर ठरावीक कायमची वाढ मान्य करून जो स्ट्रेस घेतात तो प्रूफ स्ट्रेस.

पहिल्या दोन मर्यादा किती बारीक मोजता यावर अवलंबून असतात. उपकरण जितकं नाजूक, तितका तो बिंदू खाली सरकतो. म्हणून खरेदी-विक्रीत आणि मानकांत शेवटचे दोनच वापरतात. तुमच्या ड्रॉइंगवर नुसतं 'इलॅस्टिक लिमिट' लिहिलं असेल, तर काम सुरू करण्याआधी पार्टीला विचारून घ्या की यील्ड हवा की ०.२ टक्के प्रूफ.

टप्पा १ : सॅम्पल कापणं

गॅसनं कापलेल्या पट्टीची कड तापून बदललेली असते, शिअरवर (पत्रा कापायच्या मशीनवर) कापलेल्या पट्टीची कड दाबून कडक झालेली असते. दोन्ही बाबतींत दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवून कापा आणि मग ती कड मशीनवर काढून टाका. शेवटचे कट हलके घ्या, कूलंट चालू ठेवा. निळा पडलेला टेस्ट पीस माझ्याकडे आणू नका.

गोल टेस्ट पीस लेथवर काढणार असाल तर १० मिमी व्यास सोयीचा. गेज लेंग्थ, म्हणजे ज्या लांबीवर वाढ मोजायची ती, व्यासाच्या पाचपट, म्हणजे ५० मिमी. सरळ भाग निदान ५५ मिमी ठेवा आणि खांद्याला निदान ७.५ मिमीची त्रिज्या द्या. खांद्याशी लेथच्या टूलचा कोपरा उतरलेला असला की पीस तिथूनच तुटतो, आणि मग 'माल खराब' अशी बोंब होते.

*सावधान :* पाइपमधून कापलेली वाकडी पट्टी हातोड्यानं किंवा प्रेसवर सपाट करून आणतात. ही फार जुनी खोड. धातूला एका दिशेनं कायमचा वाकवला आणि मग उलट दिशेनं ओढला, तर त्याचा यील्ड आधीपेक्षा खालीच दिसतो. याला बाउशिंगर परिणाम म्हणतात. सपाट केलेल्या पट्टीत हा परिणाम एका बाजूच्या थरात आणि कामानं आलेला कडकपणा दुसऱ्या बाजूच्या थरात, असं मिश्रण होतं. लांबीच्या दिशेनं पट्टी घ्या आणि गेजचा भाग तसाच गोलवट राहू द्या, फक्त पकडीची टोकं सपाट करा.

हीट नंबर (माल भट्टीच्या कुठल्या ओतातला, तो नंबर) टोकावर ठोका, मधल्या भागात ठोकू नका.

टप्पा २ : माप

१० मिमी व्यासात ०.१ मिमीची चूक म्हणजे क्षेत्रफळात २ टक्के चूक, आणि तेवढीच यील्डमध्ये. २५० मेगापास्कलवर ती ५ मेगापास्कल झाली. पास-नापासची सीमा बऱ्याचदा एवढ्यातच असते. मायक्रोमीटरनं तीन जागी, प्रत्येक जागी काटकोनात दोनदा मापा.

सळईचं माप हा वेगळाच घोळ आहे. टीएमटी सळईवर (बांधकामाच्या सळईवर) रिब म्हणजे उंचवटे असतात, त्यावर व्हर्निअर लावून क्षेत्रफळ काढायचं नसतं. तुकडा वजन करा, लांबी मोजा, आणि वजन किलोत घेऊन त्याला ०.००७८५ आणि मीटरमधल्या लांबीच्या गुणाकारानं भागा. उत्तर थेट चौरस मिलिमीटरमध्ये येतं.

समजा १६ मिमीच्या सळईचा ०.६ मीटरचा तुकडा ०.९३ किलो भरला. क्षेत्रफळ आलं १९७.५. तोच तुकडा रिबवरून १७.५ मिमी मापला, तर क्षेत्रफळ २४०.५ येतं. खरा ५२० मेगापास्कलचा माल कागदावर ४२७ चा होतो. एफई ५०० या ग्रेडच्या सळईला किमान ५०० लागतात. चांगला माल नापास.

टप्पा ३ : मशीनवर चढवणं

यूटीएमचं, म्हणजे ओढायच्या मशीनचं, कॅलिब्रेशन चालू आहे ना, हे स्टिकर नुसतं बघू नका, वाचा. आयएस १८२८ या भारतीय मानकाप्रमाणे अचूकतेचा वर्ग १ हवा, आणि तुम्ही वापरणार त्या रेंजमध्ये हवा.

मग हा क्रम :

१. पीस वरच्या जबड्यात धरण्याआधी भाराचा शून्य लावा.
२. वर पकडा, सरळ लटकतोय का बघा, मग खाली पकडा.
३. खालचा जबडा आवळताना स्क्रीनवर थोडा भार दिसेल. तो शून्य करू नका.

तिसऱ्या मुद्द्यावर नवी मुलं हमखास घसरतात. दोन्ही जबडे आवळल्यावर दिसणारा भार खरोखर पीसवर आलेला असतो. बटण दाबून तो पुसला, तर तेवढा स्ट्रेस रिपोर्टमधून कायमचा गळतो. पीस नीट सरळ बसावा म्हणून हलका पूर्वभार द्यायला हरकत नाही, फक्त तो अपेक्षित यील्डच्या ५ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका.

४. एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे पीसची वाढ थेट मोजणारं उपकरण, लावा. लावताना लॉकपिन आत असते, लावून झाल्यावर ती काढा. मग स्ट्रेनचा शून्य.

पिन आत विसरून टेस्ट चालवणारा मी एकटाच नाही, पण चालवली आहे. आलेख जवळजवळ उभा चढला, मी खुश झालो, आणि मग टक् असा आवाज आला. त्या आवाजाची किंमत काही हजारांत होती.

*सावधान :* एक्स्टेन्सोमीटर नसेल तर जबड्यांच्या हालचालीवरून प्रूफ स्ट्रेस काढायचा नाही. का, ते या आकड्यात बघा. २५० मेगापास्कलवर पोलादाचा स्थितिस्थापक स्ट्रेन ०.१२५ टक्के असतो. ५० मिमी गेजवर ही वाढ झाली ०.०६२५ मिमी, साधारण डोक्याच्या केसाएवढी. तेवढ्या भारात जबड्यांतली घसरण, स्क्रूचा ताण आणि मशीनच्या खांबांचा ताण मिळून त्याच्या कितीतरी पट सरकतात. तुम्ही मशीन मोजत बसता, पीस बाजूलाच राहतो.

टप्पा ४ : वेग

आयएस १६०८ च्या पहिल्या भागात स्ट्रेसच्या वेगानं चालवायची पद्धत आहे. पोलादासाठी सेकंदाला ६ ते ६० मेगापास्कल, आणि ॲल्युमिनियम-पितळेसारख्या कमी ताठ धातूंसाठी २ ते २०. मी पोलादाला १० च्या आसपास ठेवतो. १० मिमीच्या पीसवर ते सेकंदाला ०.८ किलोन्यूटन होतं आणि २५० पर्यंत पोचायला २५ सेकंद लागतात. घाईत कुणी काटा पुढे सरकवला की माइल्ड स्टीलचा यील्ड वाढलेला दिसतो. वेगानं ओढलं की हे पोलाद जास्त ताणून धरतं.

खरा धोका पुढे आहे. यील्ड आला की भार वाढायचा थांबतो. कंट्रोल भारावर ठेवला असेल तर मशीनला वाटतं आपण मागे पडतोय, आणि ते जबडा झपाट्यानं पळवतं. आलेखातला यील्डचा सपाट भाग गायब होतो. म्हणून सरळ चढाव चालू असतानाच जबड्यांच्या स्थिर वेगावर या आणि यील्ड संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या शेडखाली तापमान सहज ४० वर जातं. मानकात खोलीचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस धरलेलं आहे. उन्हाळ्यात सॅम्पल गाडीच्या डिकीतून थेट जबड्यात नको, आणि लॅबचा एसी रिपोर्टचाच भाग समजा.

टप्पा ५ : चढाव तपासा, मगच पुढे

ही तपासणी कुणीच करत नाही, आणि सगळ्यात जास्त चुका हीच पकडते.

सरळ भागावर दोन बिंदू घ्या. १० मिमीच्या पोलादी पीसवर ४ आणि १२ किलोन्यूटन घेऊ. मधला फरक ८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १०२ मेगापास्कल. या फरकात ५० मिमी गेजवर वाढ साधारण ०.०२५ मिमी यायला हवी. स्ट्रेस भागिले स्ट्रेन केलं की यंग मॉड्युलस दोन लाख मेगापास्कलच्या, म्हणजे २०० गिगापास्कलच्या जरा वर यावा. ॲल्युमिनियमला ७० च्या आसपास.

- दुप्पट, म्हणजे ४०० आला? एक्स्टेन्सोमीटर २५ मिमीचा लावलाय आणि सॉफ्टवेअरमध्ये ५० भरलेत.
- १५० किंवा २६० आला? एक्स्टेन्सोमीटर घसरतोय, किंवा पीस तिरका बसून वाकतोय आणि तुम्ही एकाच बाजूनं मोजताय.
- ३० आला? ती जबड्यांची हालचाल आहे, एक्स्टेन्सोमीटरची केबल बघा.

आकडा पटला नाही तर इथेच थांबा, भार उतरवा, पुन्हा लावा. अजून यील्ड आलेला नाही, त्यामुळे पीस वाया गेलेला नाही. यील्ड ओलांडल्यानंतर मात्र तोच पीस यील्डसाठी पुन्हा वापरता येत नाही. त्याच क्षणी परत ओढला तर जिथं सोडला होता तिथं यील्ड दिसतो. माइल्ड स्टील काही दिवस तसंच पडू दिलं तर त्याहूनही वर. पीस म्हातारा होतो आणि हट्टी होतो.

टप्पा ६ : आलेखाची जात ओळखा

कमी कार्बनच्या गरम रोल केलेल्या पोलादात आलेख टोकाला जातो, पटकन खाली येतो, मग थरथरत सपाट चालतो. पहिल्या उतरणीच्या आधीचं टोक म्हणजे वरचा यील्ड. सपाट भागातला सगळ्यात खालचा आकडा म्हणजे खालचा यील्ड, पण टोकावरून उतरताना लागलेला पहिला खड्डा सोडून. तो खड्डा मशीनच्या झोलाचा असतो, आणि सॉफ्टवेअर बऱ्याचदा तोच उचलतं.

पट्टीवर काळी मिल स्केल (गरम रोलिंगमध्ये चढलेला ऑक्साइडचा थर) शिल्लक असेल तर या वेळी डोळे स्क्रीनवरून काढून पीसकडे बघा. स्केल तिरक्या पट्ट्यांत तडकते, बारीक पापुद्रे जबड्यावर गळतात. पट्टा एका टोकाशी सुरू होतो आणि पीसभर सरकत जातो. तो पूर्ण पीसवरून गेला की सपाट भाग संपतो आणि आलेख पुन्हा चढतो. यील्ड एकाच क्षणी सगळीकडे होत नाही, हे त्या पापुद्र्यांतून समजतं तसं कुठल्याच तक्त्यातून समजत नाही.

रिपोर्टवर वरचा की खालचा, हे लिहा. नुसतं 'यील्ड' लिहून वाद ओढवून घेऊ नका.

स्टेनलेस, ॲल्युमिनियम, तांबं, थंड ओढलेल्या सळया यांत टोक नसतं, आलेख हळूहळू वळतो. मग पुढचा टप्पा.

टप्पा ७ : ०.२ टक्क्यांची रेघ

१. सरळ भागाला धरून रेघ काढा आणि ती खाली शून्य स्ट्रेसपर्यंत ओढा. सुरुवातीला पकड बसताना आलेख जरा पोटात गेलेला असतो, तो सोडून द्या. ही रेघ तळाला जिथं टेकते तोच तुमचा खरा शून्य.
२. त्या बिंदूपासून उजवीकडे ०.००२ स्ट्रेन मोजा. आडव्या अक्षावर मिलिमीटर असतील तर ५० मिमी गेजला ०.१ मिमी, १०० मिमीला ०.२ मिमी.
३. तिथून पहिल्या रेघेला समांतर रेघ वर न्या.
४. ती आलेखाला छेदते तो प्रूफ स्ट्रेस.

सगळी चूक तिसऱ्या पायरीत. समांतरऐवजी उभी रेघ मारतात. मी शिकाऊ होतो तेव्हा एका लॅबमध्ये एफई ५०० सळईचा एक लॉट असाच नापास झाला, आणि रेघ माझ्या हातची होती. ०.२ टक्के एकूण स्ट्रेनवर उभी रेघ मारली की पोलाद अजून सरळ चढावावरच असतं. ०.००२ गुणिले दोन लाख, म्हणजे ४०० मेगापास्कल. जगातली कुठलीही चांगली सळई आणा, या रेघेनं ती ४०० च दाखवणार. ५०० वर नुसता स्थितिस्थापक स्ट्रेनच ०.२५ टक्के होतो, त्यात कायमचे ०.२ मिळवले की एकूण ०.४५. रेघ आलेखाला तिथं भेटायला हवी होती. ठेकेदारानं सळई परत पाठवायची तयारी केली होती. माझ्या वरिष्ठांनी आलेख हातात घेऊन फक्त विचारलं, "ही रेघ कशाला समांतर आहे?"

*तपासा :* प्रूफ स्ट्रेसला मॉड्युलसनं भागा, त्यात ०.००२ मिळवा. छेदबिंदूचा एकूण स्ट्रेन एवढाच यायला हवा. ३०४ स्टेनलेसचा २०५ मेगापास्कल असेल तर हा साधारण ०.३ टक्के.

आलेखात सरळ भागच सापडत नसेल, उदाहरणार्थ मऊ केलेल्या तांब्यात, तर अपेक्षित प्रूफच्या थोडं पुढे न्या, भार साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरवा आणि पुन्हा चढवा. जो बारीक फास तयार होतो त्याच्या दोन टोकांतून जाणारी रेघ हाच तुमचा चढाव.

टप्पा ८ : आकडा डिझाइनमध्ये नेताना

आधी एक गोष्ट. डिझाइनमध्ये तुमच्या पीसचा टेस्टमध्ये आलेला, समजा २९०, घालायचा नसतो, ग्रेडचा किमान आकडा घालायचा असतो. आयएस २०६२ च्या ई२५० ग्रेडच्या पोलादाला २५० मेगापास्कल हा किमान यील्ड २० मिमीहून पातळ प्लेटलाच आहे. २० ते ४० मिमीला २४०, त्याहून जाडीला २३०. ग्रेडच्या नावातला २५० पाहून ५० मिमीच्या फ्लँजलाही तोच लावणारे बरेच भेटतात.

आता मुख्य गोष्ट. टेस्टमध्ये ओढ एकाच दिशेला होती. खऱ्या जॉबमध्ये तीन दिशांनी स्ट्रेस येतात, म्हणून तीन मुख्य स्ट्रेसमधून (ज्या तीन काटकोनी दिशांना फक्त ओढ किंवा दाब असतो, त्यांच्या स्ट्रेसमधून) एक तुलनेचा आकडा काढावा लागतो. लवचीक धातूंसाठी दोन नियम चालतात. ट्रेस्का म्हणतो, सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मुख्य स्ट्रेसमधला फरक यील्डएवढा झाला की धातू सैल सुटतो. फॉन मिसेस तिन्ही फरकांचे वर्ग घेतो, त्यांची बेरीज निम्मी करतो आणि वर्गमूळ काढतो. दोघांतलं अंतर जास्तीत जास्त सुमारे १५ टक्के असतं, आणि ट्रेस्का नेहमी सुरक्षित बाजूला असतो.

वडोदऱ्यात प्रेशर व्हेसल (आतून दाब सोसणाऱ्या टाक्या) घरोघरी बनतात असं म्हणायला हरकत नाही, म्हणून तेच उदाहरण. व्यास १२०० मिमी, जाडी ८ मिमी, दाब १.५ मेगापास्कल, म्हणजे १५ बार.

घेराच्या दिशेचा स्ट्रेस : दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट = ११२.५
लांबीच्या दिशेचा : त्याच्या निम्मा = ५६.२५
जाडीच्या दिशेचा : जवळजवळ शून्य

ट्रेस्कासाठी वजाबाकी करा. परीक्षेतही आणि ऑफिसातही मुलं लिहितात ११२.५ वजा ५६.२५, उत्तर ५६.२५. वा! व्हेसल दुप्पट मजबूत झालं. तिसरा मुख्य स्ट्रेस शून्य आहे, आणि शून्य हा आकडाच आहे. तिन्ही उतरत्या क्रमानं लिहा : ११२.५, ५६.२५, ०. फरक ११२.५. फॉन मिसेसनं ९७.४ येतो. पाणी भरून १.३ पट दाबानं हायड्रो टेस्ट करणार असाल तर हीच आकडेमोड त्या दाबाला पुन्हा करा. तेव्हा घेराचा स्ट्रेस १४६ च्या वर जातो.

शाफ्टमध्ये उलट चूक होते. वाकण्याचा स्ट्रेस ९०, पिळाचा ७०. कुणी दोन्ही वेगवेगळे यील्डशी ताडतो, कुणी सरळ बेरीज करून १६० म्हणतो. फॉन मिसेस : ९० चा वर्ग अधिक ७० च्या वर्गाची तिप्पट, वर्गमूळ १५१. ट्रेस्कात तिप्पटऐवजी चौपट, उत्तर १६६. बेरजेचा १६० दोघांच्या मधे पडला, पण तो योगायोग आहे, त्यावर पुढचा शाफ्ट काढू नका.

*सावधान :* नुसत्या पिळाला यील्डचा आकडा थेट लावू नका. शिअरमध्ये, म्हणजे थरावर थर घसरवणाऱ्या स्ट्रेसमध्ये, धातू फॉन मिसेसप्रमाणे ०.५७७ पटीला, ट्रेस्काप्रमाणे ०.५ पटीला सैल होतो.

टप्पा ९ : कुठं हे लागूच होत नाही

बीड म्हणजे साधं (ग्रे) कास्ट आयर्न यील्ड न होताच तुटतं, त्याला हे दोन्ही नियम लावू नका. माती, काँक्रीट यांचा पराभव सर्व बाजूंच्या दाबावर अवलंबून असतो, त्यांना मोर-कूलॉम्ब किंवा ड्रकर-प्रागरसारखे नियम लागतात. धातूला मात्र चारी बाजूंनी सारखा दाबला तर यील्ड येत नाही, कारण तिन्ही फरक शून्य.

सॉफ्टवेअरवर लिनिअर ॲनालिसिस चालवून २५० च्या प्लेटवर ६०० चा लाल ठिपका दिसला, की दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात : घाबरणं किंवा दुर्लक्ष करणं. लिनिअर सॉफ्टवेअरला यील्ड माहीतच नसतो, ते रेघ सरळच वाढवत नेतं. ठिपका धारदार आतल्या कोपऱ्यात असेल तर मॉडेलची जाळी (मेश) बारीक करून बघा. जितकी बारीक, तितका आकडा वाढत गेला, तर तो मॉडेलचा दोष, तिथं खरी त्रिज्या काढा. गोल छिद्राच्या कडेला असेल तर तो खरा आहे. ओढलेल्या रुंद प्लेटमध्ये लहान छिद्राच्या काठावर तिप्पट स्ट्रेस येतोच. एकदाच्या स्थिर भाराला लवचीक पोलाद तेवढ्यापुरतं सैल होऊन भार शेजारी वाटून देतं. भार रोज हजारदा चढ-उतर होणार असेल तर तो ठिपका सोडायचा नाही, तिथं फटीगचा, म्हणजे वारंवार भारानं तडा जाण्याचा, हिशेब वेगळा करा.

रिपोर्टवर काय लिहायचं

सॅम्पल कुठल्या दिशेनं घेतलं, मोजलेली मापं, गेज लेंग्थ, एक्स्टेन्सोमीटरच्या अचूकतेचा वर्ग (प्रूफसाठी वर्ग १), वेग, तापमान, वरचा यील्ड की खालचा की ०.२ प्रूफ, आणि चढावावरून आलेला मॉड्युलस. मॉड्युलस कुणी मागत नाही, तरी मी छापतो. समोरच्या इंजिनिअरला एका नजरेत कळतं की आमचा एक्स्टेन्सोमीटर घसरला नव्हता.

तुटलेले दोन्ही तुकडे तारेनं एकत्र बांधा, लेबल लावा आणि माल मंजूर होऊन बिल निघेपर्यंत भंगारात टाकू नका.